चाळीतल्या रिकाम्या होणाऱ्या खोलीवर प्रायोगिक लघुपट करायचाय: चित्रण, आवाज, आणि दाखवायचा कुठे?

नायगावकर_१२

नमस्कार मंडळी. नायगावच्या बीडीडी चाळीतली आजीची खोली दोनेक महिन्यांत रिकामी करून द्यायची आहे. साधारण १६० चौरस फूट, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. तिच्यावर ८ ते १० मिनिटांचा लघुपट करायचा आहे. गोष्ट नाही, निवेदन नाही, मुलाखत नाही. भांडी, भिंतीवरचे रंगाचे थर, गॅलरीतून येणारा उजेड आणि आवाज, एवढंच.

हाताशी आहे ते असं: मॅन्युअल कॅमेरा ॲप असलेला मोबाईल, ट्रायपॉड, झूम एच१एन रेकॉर्डर, आणि एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. चाचणीचं शूट केलं तर ट्यूबलाईटखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. आवाजही डब्यातून आल्यासारखा येतो. कथा नसलेल्या फिल्मची लांबी आणि लय ठरवतात कशी? आणि पूर्ण झाल्यावर मुंबईत ती दाखवायची कुठे, सेन्सॉरचं काय? जमेल तितकं तपशिलात सांगा.

शटर_पन्नास

पट्ट्यांपासून सुरू करतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर १/५० ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लाटा येतात, १/१०० ला एक. मोबाईल स्वतःच्या मनाने १/६० किंवा १/१२० धरतो, तिथे लाट अर्धवट कापली जाते आणि पट्टे दिसतात. म्हणून २४ फ्रेम, शटर १/५०, दोन्ही लॉक. एवढं करूनही एखाद्या स्वस्त एलईडी बल्बखाली पट्टे राहिले तर दोष बल्बच्या सर्किटचा. तो बदला, शटरशी झगडू नका.

१/५० ला खिडकी मात्र पांढरीफटक होणार. आयएसओ सगळ्यात खाली आणा, तरी जास्त वाटलं तर मोबाईलवर बसणारा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा. फिरवून गडद करायचा व्हेरिएबल एनडी घेतलात तर तो टोकापर्यंत फिरवू नका, चित्रावर काळी फुली उमटते. व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर लॉक. आपल्याकडच्या बहुतेक ट्यूब ६५०० च्या आसपासच्या, त्यामुळे खिडकीचा उजेड आणि ट्यूब त्यात बऱ्यापैकी जुळतात. पिवळा बल्ब वेगळा दिसेल, तो दिसू द्या. एचडीआर बंद. नाहीतर टाइमलाइनवर भांड्यांची चमक जळाल्यासारखी दिसते.

आता लेन्स. १६० चौरस फुटांत मागे सरायला जागा नसते, म्हणून हात आपोआप अल्ट्रा-वाइडकडे जातो. ते टाळाच. त्या लेन्सने भिंती वाकतात आणि खोली आहे त्याच्या दीडपट मोठी दिसते. तुमच्या फिल्मचा विषयच तिचं लहानपण आहे. मुख्य लेन्स वापरा, किंवा दुप्पट झूमची खरी लेन्स असेल तर ती. अख्खी खोली एका चौकटीत कधीच मावणार नाही. बघणाऱ्याला ती तुकड्यातुकड्यांनी जोडू द्या.

चित्रण झाल्यावर फाईल मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये उघडून फ्रेम रेट बघा. तिथे व्हेरिएबल (बदलता) लिहिलेलं असेल तर एडिटला बसण्यापूर्वी शटर एन्कोडर किंवा हँडब्रेक या फाईल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (स्थिर) २४ करून घ्या. हे राहिलं की लांब शॉटमध्ये आवाज हळूहळू पुढेमागे सरकतो आणि चूक कुठे झाली तेच सापडत नाही. रोजचा माल त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर. रिकाम्या झालेल्या खोलीचं पुन्हा शूट होत नाही.

ध्वनी_दादर

नायगावकर, आवाजाला चित्रणाइतकेच दिवस द्या. खोली भरलेली आहे तोवरच पहिलं रेकॉर्डिंग उरकून घ्या, कारण सामान हललं की आवाज बदलतो. गाद्या, गोधड्या, दोरीवरचे कपडे वरच्या पट्टीचा आवाज पितात. ते गेले की समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज टणटण उसळतो. ही दोन्ही रूपं तुमच्या फिल्मचा ऐवज आहेत.

डब्यातून आल्यासारखं वाटतंय त्याचं कारण बहुधा रेकॉर्डर भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात ठेवलाय. भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे आणा, स्टीलच्या टेबलावर ठेवू नका, खाली घडी घातलेला पंचा घाला. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल, ऑटो लेव्हल बंद. पंखा आणि फ्रीज बंद. फ्रीज बंद करताना घराची किल्ली त्यात ठेवून द्या, म्हणजे परत चालू केल्याशिवाय घरी जाताच येणार नाही.

खोलीची शांतता दिवसातून चार वेळा घ्या: पहाटे पाणी यायच्या आधी, पाणी आल्यावर, दुपारी, आणि रात्री अकरानंतर. प्रत्येकी पूर्ण तीन मिनिटं, कुणीही हलायचं नाही. एडिटमध्ये दोन शॉट जोडताना यातलाच आवाज खाली अंथरायचा असतो.

आता फुग्याचं सांगते, हे नक्की करा. कॅमेरा जिथे असेल तिथे रेकॉर्डर ठेवा, मोरीजवळ फुगा फोडा, पडसाद पूर्ण विरेपर्यंत थांबा. मग खिडकीपाशी, मग पोटमाळ्याखाली. लेव्हल इतकी खाली ठेवा की टोक उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. पहिला फुगा नेहमी फाटका येतो, म्हणून जागेगणिक तीन. हेच सगळं खोली रिकामी झाल्यावर त्याच जागांवरून पुन्हा. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला तोंडाने तारीख, जागा, भरलेली की रिकामी ते बोलून ठेवा. ही त्या खोलीची ध्वनी-मोजणी झाली. नंतर रीपर या ध्वनी-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रियाव्हर्ब हा पडसाद चढवणारा इफेक्ट उघडून ती फाईल टाकायची, सुरुवातीचा नुसता फटका छाटायचा आणि पुढचा पडसाद ठेवायचा. मग दुसरीकडे, कोरड्या जागेत रेकॉर्ड केलेला कुठलाही आवाज, वाटी ठेवल्याचा, पाटा सरकवल्याचा, त्या खोलीत झाल्यासारखा ऐकू येतो. इमारत पडल्यावर हे मोजता येणार नाही.

दुसरं, पाण्याचा पाइप. लॅमिंग्टन रोडवर पिझो चकती, म्हणजे वस्तूतली कंपनं थेट पकडणारा चपटा माइक, थोडक्या पैशांत मिळते. २७ मिलिमीटरची घ्या, तिला शील्ड असलेली वायर आणि ३.५ मिलिमीटरचा जॅक डकवून घ्या, वरून इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर गुणगुण येते. दुहेरी टेपने पाइपला चिकटवा आणि जॅक रेकॉर्डरला जोडा. नळाला पाणी यायच्या आधी पाइपमधली हवा खोकत, धापा टाकत पुढे येते. कानाला बाहेरून न ऐकू येणारा तो आवाज यात स्पष्ट मिळतो. खालचे सूर पातळ येतील, कारण रेकॉर्डरच्या इनपुटचा इम्पीडन्स (विद्युत अवरोध) पिझोला पुरेसा नाही. मधे छोटा प्रीअँप लावला तर ते सुधारतं. नसेल तर पातळच वापरा, वाईट लागत नाही.

काळी_चौकट

लयीबद्दल. शूटच्या आधी एकच नियम ठरवा आणि तो शेवटपर्यंत मोडू नका. प्रायोगिक म्हणजे इफेक्टची खैरात नव्हे. उदाहरणार्थ, कॅमेरा कायम जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला, म्हणजे साधारण अडीच फुटांवर. उभ्या माणसाच्या नजरेचा एकही शॉट नाही. किंवा खिडकीतला उजेड फरशीवरून सरकतो त्याच क्रमाने शॉट, सकाळ ते संध्याकाळ, उलटसुलट नाही. असा नियम असला की कुठला शॉट बाहेर काढायचा ते तोच सांगतो.

चौकट ४:३ ची विचारात घ्या. पोटमाळा, मोरी, दाराची उंची यांना ती छान बसते. थिएटरच्या १९९८ बाय १०८० च्या चौकटीत ती १४४० बाय १०८० होऊन मधे बसते. शूट करतानाच स्क्रीनवर कडेच्या पट्ट्या लावून घ्या, नंतर कापायला गेलात की डोकी आणि हँडल जातात.

एडिटमध्ये प्रत्येक शॉटची एक छोटी छापील चौकट काढून भिंतीवर लावा. साठ-सत्तर शॉट असतील तर तीस-पस्तीसवर या. मग पूर्ण कट एकदा आवाज बंद करून बघा, आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐका. जिथे दोन्हींत एकाच वेळी काही घडत नाही तो भाग काढा. शॉट वाचून झाल्यावर बघणारा थोडा अस्वस्थ होतो, आणि त्यापुढे ताणला तर त्याला भिंतीवरचा खिळ्याचा डाग दिसायला लागतो. त्या मधल्या अस्वस्थ जागेवर कापलंत तर दोन्हीकडून तोटा. एकतर आधी कापा, नाहीतर नीट ताणा.

खोली न पाहिलेल्या तिघांना कट दाखवा. आवडली का, हे विचारू नका. मोरी कुठल्या बाजूला होती ते विचारा. उत्तर चुकलं तर तुमचे तुकडे जुळत नाहीयेत.

बघण्यासारखं काही हवं असेल तर पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी केलेलं काम शोधा. सरकारी संस्थेत राहून आवाज आणि कटिंगचे इतके धीट प्रयोग झाले, हे आपल्याकडे अजून पुरेसं बोललं जात नाही.

नायगावकर_१२

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. तीन शंका. शेजारच्या खोलीत दिवसभर रेडिओवर जुनी गाणी लागलेली असतात आणि ती रेकॉर्डिंगमध्ये येतात. ती फिल्ममध्ये राहिली तर चालेल का? २४ ऐवजी २५ फ्रेम का नको, वीज ५० ची आहे ना? आणि आजीची दोनच वाक्यं ठेवायची म्हणतोय, त्यांना सबटायटल्स लागतील.

ध्वनी_दादर

रेडिओ राहू देऊ नका. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीचा २०२० अखेर संपला. पण चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा असतो. तो संगीतकाराच्या आणि गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. जुनं गाणं आहे म्हणून मोकळं आहे, असं होत नाही. महोत्सवाच्या अर्जात संगीताचे हक्क तुमच्याकडे आहेत, असं सही करून द्यावं लागतं, आणि यूट्यूबवर तर मागे पुसट वाजलेलंही यंत्र ओळखतं.

शेजाऱ्यांना सांगून अर्धा तास रेडिओ बंद ठेवायला लावा. भिंतीपलीकडून येणारं गाणं हवंच असेल तर कुणाकडून तरी पारंपरिक ओवी गाऊन घ्या, तिची लेखी परवानगी घ्या, ती शेजारच्या खोलीत स्पीकरवर वाजवा आणि इकडून रेकॉर्ड करा. भिंतीतून आलेल्या आवाजाचा पोत खराच लागतो.

शटर_पन्नास

२५ ने पट्टे जातात हे बरोबर, पण १/५० शटर असलं की २४ नेही जातात. अडचण थिएटरमध्ये येते. डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चढवायची डिजिटल प्रत, २४ चीच सगळीकडे बिनबोभाट चालते. २५ ची काही जुन्या सर्व्हरवर अडते. मग २५ ची फिल्म २४ ने चालवावी लागते. ९ मिनिटांची फिल्म ९ मिनिटं २२ सेकंदांची होते आणि आवाज जवळपास पाऊण सेमीटोन (अर्धस्वर) उतरतो. आजीचा आवाज जड झालेला तुम्हाला चालणार नाही.

प्रक्षेपण_परळ

दाखवण्याचं मी सांगतो. मास्टर, म्हणजे सगळ्यात चांगल्या दर्जाची मूळ फाईल, म्हणून प्रोरेस ४२२ एचक्यू काढा. रिझॉल्व्ह विंडोजवर असेल आणि प्रोरेस दिसत नसेल तर डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स. त्यातून डीसीपी-ओ-मॅटिक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डीसीपी बनवा: २के फ्लॅट, २४ फ्रेम. आवाज नुसता डावा-उजवा ठेवला तर कडेला बसलेल्या माणसाला आजी जवळच्या स्पीकरमधून बोलताना ऐकू येते. म्हणून तिची दोन वाक्यं सेंटर चॅनलला, म्हणजे मधल्या स्पीकरला, टाका आणि खोलीचा आवाज डाव्या-उजव्याला.

सगळ्यात जास्त घात अंधारात होतो. मोबाईल किंवा लॅपटॉपवर पोटमाळ्याखालची सावली छान दिसते, पण थिएटरचा पडदा त्यांच्या मानाने फार मंद असतो, साधारण ४८ निट (पडद्याच्या उजळपणाचं एकक). तिथे तीच सावली चिखल होते. ग्रेडिंग (रंग आणि उजेड जुळवणं) अंधाऱ्या खोलीत करा, स्क्रीनचा उजेड कमी करा आणि सावल्या वाटतं त्यापेक्षा थोड्या वर ठेवा.

काळ्या फ्रेमखाली आवाज पूर्ण शून्य करू नका. हॉलमधल्या लोकांना वाटतं यंत्र बंद पडलं, आणि मागे माना वळतात. खोलीची शांतता खाली चालू ठेवा.

हॉलला फाईल आठवडाभर आधी द्या. सोबत पेन ड्राइव्हवर २० एमबीपीएसची एच.२६४ फाईल पर्याय म्हणून. प्रोजेक्शनवाल्याला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजाची मिनिटं लिहून द्या. त्याला अख्खी फिल्म तपासायला वेळ नसतो, तेवढ्या दोन जागा तो नक्की वाजवून बघतो.

आणि पहिला खेळ चाळीतच करा. साध्या प्रोजेक्टरचा थ्रो (अंतर भागिले चित्राची रुंदी) दीडच्या आसपास असतो, म्हणजे ८ फूट रुंद चित्राला १२ फूट अंतर. खोक्यावरचे नुसते ल्युमेन बघू नका, एएनएसआय ल्युमेन (प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड) विचारा आणि ३००० च्या खाली जाऊ नका, कारण गॅलऱ्यांचे दिवे सगळे बंद होत नाहीत. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो, म्हणून दुहेरी करून वरखाली काठीला ताणून बांधा. चुणी राहिली तर भिंतीची सरळ रेघ वाकडी दिसते. उघड्यावर स्पीकर रात्री १० च्या आत बंद, त्यामुळे पूर्ण काळोख झाला की लगेच सुरू करा.

सोसायटी_सभासद

सेन्सॉरचं थोडक्यात. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा, आणि सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं, लघुपट असला तरी. महोत्सवांसाठी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते, ती आयोजक घेतात, तुम्ही फक्त सारांश आणि तपशील वेळेत द्यायचे. चाळीतल्या शेजाऱ्यांना घरोघरी बोलावून, तिकीट न लावता दाखवणं आणि पोस्टर लावून कुणालाही आत घेणं, यात फरक आहे. दुसरं करायचं असेल तर प्रमाणपत्र काढा. चेहरा दिसतो त्या प्रत्येकाची मराठीत लिहिलेली एका परिच्छेदाची संमती घ्या. लहान मुलांची आईवडिलांकडून. सार्वजनिक रस्ता, स्टेशन, लोकल यांतले शॉट घेणार असाल तर परवानगी वेगळी, आणि तुमच्या फिल्मला ते लागतच नाहीत, तेव्हा खोली आणि गॅलरी सोडू नका.

मुंबईत मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे, १९९० पासून, दर दोन वर्षांनी. १८ वा महोत्सव २०२४ च्या जूनमध्ये झाला. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठीच असल्याने तिथे तुमच्यासारख्या फिल्मला खरा प्रेक्षक मिळतो. बाहेर केरळचा आयडीएसएफएफके हा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव तिरुवनंतपुरमला, आणि बंगळुरूचा एक्सपेरिमेंटा खास प्रायोगिक कामासाठी. परदेशात ओबरहाउझन, १९५४ पासून लघुपटांचाच. फिल्मफ्रीवे या महोत्सवांचे अर्ज भरायच्या संकेतस्थळावर शेकडो नावं दिसतील. पाच-सहाच निवडा, त्यांनी मागच्या वर्षी काय दाखवलं ते बघा, आणि लवकरच्या तारखेला भरा, कारण पुढच्या प्रत्येक मुदतीला शुल्क वाढतं.

निवड होईपर्यंत फिल्म यूट्यूबवर जाहीर टाकू नका. काही महोत्सव पहिलंच प्रदर्शन मागतात आणि तिथे उघडी लिंक दिसली की अर्ज बाद होतो. पासवर्ड असलेली लिंक द्या, आणि मधेच पासवर्ड बदलू नका. परीक्षक अर्ज भरल्यावर तीन-चार महिन्यांनीही उघडतात.

फिल्म सोसायट्या विसरू नका. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून मुंबईत काम करतंय. लिंक, पन्नास शब्दांचा सारांश आणि तीन चांगली छायाचित्रं पाठवा. सोबत एवढंच कळवा की खेळानंतर चर्चेला थांबाल. खेळाआधी अर्थ समजावून सांगू नका, नुसतं खोली कुठली आणि फिल्म किती मिनिटांची ते सांगा. स्वतः मागच्या रांगेत बसा आणि कुठल्या मिनिटाला मोबाईलचे उजेड पेटतात ते वहीत लिहा. तीन खेळांत तेच मिनिट आलं तर कट तिथे सैल आहे.

काळी_चौकट

सबटायटल्सचं राहिलं. दोनच वाक्यं असली तरी इंग्रजी सबटायटल बोली उलगडून सांगणारं नको. एका ओळीत ४२ अक्षरांच्या आत, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि वाचायला सेकंदाला १५ अक्षरं धरून वेळ द्या. आजी वाक्याच्या मध्ये थांबत असेल तर सबटायटलही तिथेच तोडा, पुढचे शब्द आधी दाखवू नका.

देवनागरी श्रेयनामावलीत जोडाक्षरं फुटतात, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई मजकुराचं इंजिन निवडायचं. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे नावं इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी काढायची आणि ती टाइमलाइनवर ठेवायची. डीसीपीत देवनागरी सबटायटल वेगळी फाईल म्हणून देऊ नका, अनेक सिनेमा सर्व्हरना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. ती चित्रातच छापून घ्या. इंग्रजी मात्र वेगळ्या एसआरटी फाईलमध्येही ठेवा, परदेशातला महोत्सव भाषांतरासाठी तीच मागतो.

पीएनजी काढल्यावर 'क्ष', 'ज्ञ', 'श्री' आणि रफार असलेलं प्रत्येक नाव मोठं करून तपासा. आजीच्या नावात रफार असेल तर ते दोनदा.